दोन वाजून दहा

ग्रिम्सबीत, मासळीच्या कारखान्यात,
मी माशाला हात लावत नाही. खोकी मोजतो.
हॅडॉक चाळीस, कॉड साठ, परत आलेली तीन,
आणि दोन वाजून दहा मिनिटांनी
उजव्या डोळ्यामागे कुणीतरी येऊन बसतं.

आधी नाक चोंदतं, एकाच बाजूचं.
मग पापणी उतरते,
दुपारी झोपायला निघालेल्या वाण्याच्या शटरसारखी, अर्धी.
मग
इथे उपमा द्यायची असते. तापलेली सळई वगैरे.
मला त्या वेळी सळई आठवत नाही.
खिस्ती हे आडनाव, ज्याचं इथे किस्टी झालंय,
तेही दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

आई फोनवर म्हणते, अर्धशिशीच ना रे,
सुंठ उगाळून लाव,
सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खा.
तिला कसं सांगू, अर्धशिशीवाला अंधारात निजतो तरी.
ह्यात निजता येत नाही, बसता येत नाही.
मी चालतो. भिंत येते. वळतो.
भिंत येते.

पहिल्या वर्षी संडासात चालायचो, दोन पावलं इकडे, दोन तिकडे.
मांडीत सुई टोचताना
दाराखालून कुणीतरी तिचं टोपण घरंगळताना पाहिलं.
टास्करसाहेबांनी बोलावलं. काही सांगायचंय का?
मी डॉक्टरांचं पत्र ठेवलं.
त्यांनी दोनदा वाचलं, म्हणाले, डोकेदुखी?
आणि खणातून दोन पॅरासिटामॉल काढून पुढे सरकवल्या.
अगदी मनापासून.
तेच अवघड होतं. मनापासून नसत्या, तर भांडलो असतो.

ऑक्सिजनच्या नळकांड्याचा अर्ज
सुरक्षा विभागात आहे, ऑगस्टपासून.

तोवर शीतगृह. उणे बावीस.
एकट्याने आत जायचं नाही असा नियम,
म्हणून रासा येते, फोर्कलिफ्ट बाजूला लावून.
लिथुआनियाची. तिच्या भाषेत रासा म्हणजे दहिवर.
ती विचारत नाही पाणी हवंय का, कसं वाटतंय,
मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दारात उभी राहते.
मी गोठलेल्या खोक्यांच्या रांगेला कपाळ लावतो,
सुटतो, चालतो, पुन्हा लावतो.
उजव्या डोळ्यातलं पाणी गालावर कडक होतं.
दहा मिनिटं झाली की ती दार वाजवते. बाहेर.
पाच मिनिटं बाहेर, ऊब घ्यायची. मग पुन्हा आत.
कधी तीन फेऱ्या, कधी पाच.

आणि मग ते जातं.
तोंड लपवून नाही, निरोप घेऊन नाही, नुसतं जातं.
मी खुर्चीवर येतो. वहीत तीच ओळ उघडी असते,
हॅडॉक चाळीस, कॉड.
हात कापतो म्हणून साठमधला सहा
जरा नऊसारखा येतो.

एक मानलं पाहिजे, वक्तशीर आहे.
आमच्या गावच्या तहसील कचेरीत असतं
तर आत्तापर्यंत बढती मिळाली असती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
ह्या देशाने घड्याळं तासभर मागे घेतली.
सोमवारी एक वाजता लीड्सचे खरेदीदार आले,
मी भाव वाचत होतो, निवांत, दोनला अजून अवकाश होता,
आणि एक वाजून दहा मिनिटांनी नाक चोंदलं.

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडा अर्धा ठेवून मी उठलो.
टास्कर काहीतरी म्हणाले, खुर्ची पडली बहुतेक,
पॅसेजभर एका डोळ्याने भिंत धरत गेलो,
मनात हिशोब, रासाची सुट्टी दोनला, रासाची सुट्टी दोनला.

शीतगृहाच्या दाराशी ती उभी होती.
हातात माझा जाड कोट, बाह्या उलगडून तयार.
सुट्टी तिने मागच्या आठवड्यातच
एक वाजताची मागून घेतली होती.

मी काही बोललो नाही, बोलता येतच नव्हतं.
तिने घड्याळ पाहिलं
आणि दार ओढलं.